अग्रशाळेतली एक रात्र : नाटकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या नाटकात नेमके काय घडते?

गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांच्या सीमेवरच्या, नाव न दिलेल्या एका गावात आषाढातल्या संध्याकाळी नदीचे पाणी रस्त्यावर येते, कदंब परिवहनची शेवटची बस चढणीवर अडकते आणि बसमधली, रस्त्यावरची व आसपासची मिळून नऊ माणसे देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे उत्सवाला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या, ओसरीवर रात्र काढतात. त्यांत बसचा कंडक्टर, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन घरी निघालेली मासळीवाली, सायकलवरून संध्याकाळचे पाव घालायला बाहेर पडलेला पोदेर, खाण बंद झाल्यापासून मिळेल ती वर्दी मारणारा एक ट्रकचालक, देवळाचे भटजी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी, बांधकामावर राबणारे कर्नाटकातले एक जोडपे आणि तरुणपणी उत्सवी नाटकांत स्त्रीभूमिका करणारा एक म्हातारा नट आहेत. बसचा चालक पुढचा रस्ता पाहायला गेलेला असतो व पहाटेपर्यंत परतत नाही. कोणी बुडत नाही, कोणाची सुटका होत नाही आणि बाहेरून मदतही येत नाही. एक कुलूप फुटते आणि काही पाव खाल्ले जातात, एवढेच घडते.

हे नाटक सत्यघटनेवर आधारित आहे का?

नाही, पण ते घटनांपासून तुटलेलेही नाही. 23 जुलै 2021 रोजी म्हादईच्या (हीच पुढे मांडवी म्हणून ओळखली जाते) पुराने सत्तरी, डिचोली आणि फोंडा या भागांतील अनेक घरांत पाणी शिरले. त्याच दिवशी दूधसागर ते सोनावळी या टप्प्यात दरड कोसळून मुंबईकडे निघालेली रेल्वेगाडी रुळांवरून घसरली. त्याआधी 2 ऑक्टोबर 2009 रोजी काणकोणमध्ये डोंगरातून आलेल्या लोंढ्याने काही तासांत घरे आणि बागायती नेल्या होत्या. या दोन्ही प्रसंगांनंतर लोकांनी जे सांगितले त्यात पाण्याच्या उंचीपेक्षा, रात्र कोणाकडे काढली, कोणी कोरडा कपडा दिला आणि कोणी दार उघडले नाही, हेच जास्त होते. संहितेचे बी तिथले आहे. कोणा एकाची हकीकत मात्र त्यात घेतलेली नाही, त्यामुळे ‘हा कंडक्टर म्हणजे आमच्या वाड्यावरचा अमुक’ असे म्हणणाऱ्यांनी कृपया तो आग्रह सोडावा.

पहिला खर्डा 1961 च्या काळातला होता, हे खरे काय?

खरे आहे. त्यात गोवा मुक्त होण्याच्या आदल्या दिवसाची, 18 डिसेंबर 1961 ची रात्र होती. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने बाणस्तारी आणि बोरी येथील पूल उडवलेले, त्यामुळे वाटसरू अडकलेले, आणि बाहेर काय चालले आहे ते कोणालाच ठाऊक नाही, असा प्रसंग. वाचनाला बसल्यावर लक्षात आले की ऐकणारा प्रत्येकजण ओसरीवर नायक शोधू लागतो, म्हणजे यात स्वातंत्र्यसैनिक कोण, खबऱ्या कोण, पोर्तुगीजांच्या बाजूचा कोण, असे. इतिहासाची तारीख लागली की अनोळखी माणसे अनोळखी राहत नाहीत, ती लगेच कोणत्या ना कोणत्या बाजूची होतात. आम्हाला बाजू नसलेली माणसे हवी होती आणि पूर ती देतो, म्हणून तो खर्डा बाजूला ठेवला.

पुरावरचे नाटक असूनही रंगमंचावर पाणी का दिसत नाही?

दिसले असते तर लोक पाणीच पाहत बसले असते. रंगमंचावर तीन पायऱ्या आहेत आणि त्यांतली सर्वांत खालची पायरी प्रेक्षकांना दिसत नाही. कंडक्टर दर थोड्या वेळाने बॅटरी घेऊन खाली डोकावतो आणि किती पायऱ्या उरल्या ते सांगतो. सुरुवातीला तो सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगतो, नंतर फक्त ट्रकचालकाला आणि शेवटी कोणालाच नाही. पाण्याची पातळी प्रेक्षकाला त्याच्या तोंडावरून कळावी, ही नटाची परीक्षा आहे.

पावसाच्या आवाजाबद्दलही पुष्कळ विचारणा होते. ध्वनिमुद्रित पाऊस आम्ही दोन प्रयोगांत वापरून पाहिला. एका सभागृहात तो ऐन भांडणाच्या प्रवेशात अडकला आणि अर्धे मिनिट एकच सर पुन्हापुन्हा कोसळत राहिली. तेव्हापासून विंगेत दोन मुली सुपात तांदूळ पाखडतात आणि एक मुलगा पत्र्याच्या तुकड्यावर मूग सोडतो. सुपाचा पाऊस नटाच्या श्वासाबरोबर कमीजास्त करता येतो.

पहिल्या अंकाच्या शेवटी पाऊस थांबतो आणि तरीही पाणी चढत राहते. ही चूक नव्हे काय?

ही चूक नाही, नाटकाचा मध्यच त्यावर उभा आहे. गावात पाऊस थांबला तरी सह्याद्रीच्या घाटात पडलेले पाणी ओहोळांतून आणि उपनद्यांतून उतरायला वेळ घेते, आणि खालच्या टापूत मांडवीला भरती असेल तर येणाऱ्या पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही व ते मागे तुंबते. नदीकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. म्हणूनच पाऊस थांबल्यावर कॉलेजातली मुलगी आनंदाने उठते, मजुराची बायको हसते, आणि मासळीवाली व म्हातारा नट मात्र जागचे हलत नाहीत. भरती-ओहोटीवर जिचे पोट आहे ती बाई बोटांवर तिथी मोजते आणि म्हणते, ‘आतां खरें येतलें’ (आता खरे येईल). तिथे पडदा पडतो. शहरातल्या प्रयोगांत या ओळीनंतर शांतता असते, तर नदीकाठच्या गावात लोक तिच्याआधीच ते वाक्य पुटपुटतात.

प्रसंग अग्रशाळेतच का घडवला? शाळा किंवा पंचायतघर का नको?

शाळेत आसरा घेतला की माणूस नागरिक असतो, अग्रशाळेत तो आधी कोणाचा तरी कोणीतरी असतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडच्या मोठ्या देवस्थानांच्या आवारात, दीपस्तंभ आणि तुळशीवृंदावन यांच्या बाजूला, उत्सवासाठी लांबून येणाऱ्या महाजनांनी (देवस्थानाच्या सभासद घराण्यांनी) व कुळाव्यांनी (त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्यांनी) उतरावे म्हणून खोल्यांची रांग बांधलेली असते. तिलाच अग्रशाळा म्हणतात. खोल्यांना कुलपे असतात आणि ओसरी उघडी असते. उघड्या ओसरीवर कोणीही बसू शकतो, खोलीत मात्र कोणी जायचे ते ठरलेले असते.

आमच्या नेपथ्यात मागच्या भिंतीला एकच दार आहे आणि त्यावर पितळी कुलूप. आत कोरड्या चटया, चादरी, दोन कंदील आणि एक मोठा टोप आहे, हे सगळ्यांना खिडकीच्या गजांतून दिसते. भटजी सांगतात की किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष पणजीला आहेत. बाहेर मजुराची बायको ओल्या साडीत कुडकुडत असते. इथून पुढे जवळजवळ पाऊण तास नाटक त्या कुलपाभोवती फिरते. फोडावे की नाही, फोडले तर कोणी, उद्या जाब विचारला तर नाव कोणाचे, आणि चटया निघाल्या तर पहिली कोणाला. ओसरीवरच्या नऊही जणांना कुलूप फोडावे असे वाटत असते, पण ते आपल्या हातून फुटू नये असेही वाटत असते.

किल्ली भटजींकडेच होती काय?

हा प्रश्न प्रत्येक प्रयोगानंतर विचारला जातो आणि संहितेत त्याचे उत्तर लिहिलेले नाही. भटजींची भूमिका करणाऱ्या नटाने ते आपल्यापुरते ठरवायचे आणि दिग्दर्शकालाही सांगायचे नाही, असा आमचा शिरस्ता आहे. आजवर ही भूमिका तिघांनी केली. त्यांपैकी एकजण दुसऱ्या अंकात कमरेच्या पिशवीला सारखा हात लावत असे, त्यावरून त्याने काय ठरवले होते ते कळत होते. दुसऱ्याकडे पाहून काहीच कळले नाही, आणि मला तो अधिक आवडला.

भटजींचे पात्र वाईट रंगवले आहे, असा आक्षेप आहे. त्यावर काय म्हणणे आहे?

भटजींच्या तोंडी कुलपाइतकाच पाण्याच्या घागरीचाही प्रसंग आहे आणि आक्षेप तिथे येतो. ते घागरीतले पाणी सर्वांना देतात, पण ओंजळीत वरून ओततात, भांडे कोणाच्या हातात देत नाहीत. त्या प्रसंगात कोणी भाषण करीत नाही. मासळीवाली निमूट ओंजळ पुढे करते, कारण तिला ते नवे नाही, आणि कॉलेजातली मुलगी पाणी न पिताच मागे सरते. मग पहाटे हेच भटजी देवाच्या नैवेद्यासाठी ठेवलेले तांदूळ काढून सर्वांसाठी पेज शिजवतात व स्वतः उपाशी राहतात. दोन्ही गोष्टी करणारा माणूस आपल्या पाहण्यात नाही, असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटत असेल त्यांचा आक्षेप मी मान्य करतो.

पात्रांना नावे का नाहीत?

अनोळखी माणसे अडचणीच्या वेळी एकमेकांना नाव विचारत नाहीत. ‘अहो कंडक्टर’, ‘गो बाय’, ‘मास्तर’, ‘पात्रांव’ एवढ्यावर रात्र निघते. नाव विचारले की गाव येते, गावामागून वाडा येतो आणि वाड्यामागून जे यायचे ते येतेच. ही नऊ माणसे ते शक्य तितके लांबवतात. आमच्या भागात आडनावावरून पुढचे सगळे वाचणारी मंडळी प्रेक्षागृहातही बसलेली असतात, त्यांचीही थोडी गैरसोय व्हावी हा हेतू होता.

संवाद मराठीत आणि काही वाक्ये कोंकणीत असे का?

1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्याआधीचा आणि नंतरचा वाद येथे पुन्हा उकरण्याची इच्छा नाही. रंगभूमीपुरते सांगायचे तर गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत होणारी नाटके पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच होत आली आहेत. ज्या तालमीत ‘तू हांगा उबो राव’ (तू इथे उभा राहा) अशी कोंकणी सूचना मिळते, त्याच तालमीत पुढच्या क्षणी नट ‘महाराज, घात झाला’ म्हणतो आणि यात कोणाला काही खटकत नाही. घरात बोलायची भाषा एक आणि मखरात बसवायची दुसरी, असा तो संसार आहे.

या नाटकात आम्ही त्या सवयीचाच उपयोग केला. रात्र सुरू होते तेव्हा सगळे एकमेकांशी जपून, नाटकातल्यासारख्या मराठीत बोलतात. भीती वाढते तशी घरची वाक्ये निसटू लागतात. मजूर जोडपे आपसांत कन्नड बोलते आणि त्या वाक्यांचा अर्थ कोणीही सांगत नाही. प्रेक्षकाला ते कळू नये अशीच योजना आहे, कारण ओसरीवरच्या इतर सात जणांनाही ते कळत नसते. सीमेपलीकडच्या एका गावात प्रयोग झाला तेव्हा कन्नड समजणारे बरेच प्रेक्षक होते. इतर ठिकाणी जिथे कोणी हसत नाही तिथे ते हसले, आणि इतर सगळे हसतात तिथे गप्प राहिले.

ट्रकचालकाच्या बोलण्यातला खाणींचा उल्लेख काढता येईल का?

काढू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी बंद झाल्या. ट्रकचे हप्ते भरणाऱ्या माणसाच्या आयुष्यातले ते मोठे संकट असते आणि त्याच्या मानाने हा पूर त्याला लहान वाटतो. कुलूप शेवटी तोच फोडतो. ज्याचे जायचे ते आधीच गेले आहे त्याला जाब विचारला जाण्याची भीती कमी असते, हे खाणींविषयीच्या त्याच्या तीन वाक्यांशिवाय समजणार नाही. ही वाक्ये कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेली नाहीत.

म्हाताऱ्या नटाचे स्वगत फार लांबते, असे वाटत नाही का?

वाटते. दोनदा कापले आणि दोन्ही वेळा परत घातले. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, त्यानंतर लोक फेरीबोटीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहत, आणि त्या रांगेत आपल्याला तरुणपणच्या भूमिकेवरून ओळखणारा एक परका माणूस भेटला, ही त्याची आठवण आहे. तो माणूस याला त्याच्या नावाने नव्हे, त्या भूमिकेच्या नावाने हाक मारतो. स्वगतानंतर ओसरीवर कोणी काही बोलत नाही, फक्त पोदेर त्याला एक पाव जास्त देतो. लांबी खटकत असेल तर नटाने आवाज खाली ठेवावा. रडू लागला की ते स्वगत दुप्पट लांबते.

प्रकाशयोजना फार अंधारी आहे, मागे बसलेल्यांना दिसत नाही. काही करता येईल का?

कुलूप फुटेपर्यंत रंगमंचावर कंडक्टरची बॅटरी, देवळाकडून येणारा समईचा पुसट उजेड आणि मोबाईलच्या पडद्याचा निळा प्रकाश एवढेच आहे. नंतर दोन कंदील येतात. मांडवात, जिथे पाठीमागे चण्यांच्या गाड्यांवरचे दिवे जळत असतात, तिथे आम्ही स्वतःहून प्रकाश वाढवतो. बंदिस्त सभागृहात वाढवू नये. ज्येष्ठ प्रेक्षकांना पुढच्या रांगा द्याव्यात.

उत्सवाच्या मांडवात हे नाटक चालते का, की ते सभागृहापुरतेच आहे?

दोन्हीकडे चालते, पण ते एकच नाटक राहत नाही. पणजीच्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरासारख्या जागेत प्रेक्षक अंधारात असतो आणि स्वतःला विसरतो. चार्ल्स कोरिया यांच्या त्या वास्तूत मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर रंगवलेले प्रेक्षकही आहेत, आणि तिथे नाटक पाहताना मला नेहमी वाटत आले की न हलणारे ते परके लोक आपल्यापेक्षा जास्त लक्ष देतात. मांडवातला प्रेक्षक मात्र खरोखरच अग्रशाळेसमोर बसलेला असतो. पुष्कळदा रंगमंचाच्या मागेच खऱ्या खोल्यांची रांग असते आणि त्यांना खरी कुलपे असतात. एका देवळात समितीच्या एका सदस्याने प्रयोगाआधी, कुलूप फोडण्याचा प्रवेश ‘जरा हळू’ घ्यावा अशी सूचना केली. आम्ही तो होता तसाच घेतला. पुढच्या वर्षीचे बोलावणे काही आले नाही.

उत्सवी नाटक मध्यरात्र उलटून चालते, आमचे पावणेदोन तासांत संपते, म्हणून काही गावांत लोकांना फसवल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी आधी भजनाचा किंवा नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठेवावा.

आमच्या मंडळाला प्रयोग करायचा आहे. किती नट लागतील आणि तालमी किती?

सहा पुरुष आणि तीन स्त्रिया लागतात. बाहेरून स्त्री कलाकार आणायच्या असतील तर निदान दहा तालमींना त्या हजर असाव्यात, कारण आयत्या वेळी येऊन संवाद म्हणून जाण्याची उत्सवी पद्धत इथे उपयोगाची नाही. प्रवेश-निर्गमन जवळपास नसल्यामुळे प्रत्येक नट संपूर्ण वेळ रंगमंचावर असतो आणि त्यातला बराचसा वेळ गप्प असतो. पहिल्या आठवड्यात संहिता उघडूच नये. नऊ जणांनी एका चटईवर, मोबाईल बाजूला ठेवून, दोन तास काहीही न करता बसावे. कोण आधी पाय पसरतो, कोण कोणाच्या पायाला लागू नये म्हणून आक्रसतो, ते दिग्दर्शकाने टिपून ठेवावे. आमच्या निम्म्या हालचाली तिथून आल्या. प्रॉम्प्टर ठेवू नये. वाक्य विसरले तर गप्प राहावे, या नाटकात ते खपते.

पोदेराचे पैसे शेवटी कोणीच का देत नाही?

एकजण देतो, पण बऱ्याच जणांच्या नजरेतून ते सुटते. रात्री पोदेर सायकलवरची टोपली उघडतो आणि त्यावरचे निळे प्लास्टिक उलगडतो, तेव्हा आत अठ्ठेचाळीस पाव असतात. ते गिऱ्हाइकांचे आहेत, त्याचे नाहीत. उद्या भट्टीवाल्याला त्यांचा हिशेब द्यायचा आहे. म्हणून तो फुकट वाटत नाही, वहीत उधार मांडतो. नावे माहीत नसल्यामुळे ‘खांबाकडली – 4’, ‘टोपीवाला – 3’, ‘भट – 0’ असे लिहितो. सकाळी चालक परत येतो, हॉर्न वाजतो आणि रात्रभर एकाच चादरीत बसलेली माणसे आपापली पिशवी उचलून घाईने निघतात. भाडे, नोकरी, परीक्षा, घरी वाट पाहणारी माणसे, यांतले काहीतरी प्रत्येकाला ओढत असते. मजूर तेवढा मागे वळतो आणि ओली नोट टोपलीच्या काठावर ठेवतो. पोदेर तेव्हा पाठमोरा असतो.

माणसे कृतघ्न आहेत असे यातून दाखवायचे आहे का, असेही विचारतात. तसे नाही. रात्री जे जवळ आले होते ते रात्रीपुरते होते, आणि उजेडात एकमेकांकडे पाहायला त्यांना संकोच वाटतो. काही मंडळांनी शेवट बदलून सर्वांनी पैसे दिले, एकमेकांचे फोन नंबर घेतले असे केले. तशी परवानगी आम्ही दिलेली नाही आणि देणार नाही.

रंगमंचावरचे पाव खरे असतात का? प्रयोगानंतर त्यांचे काय करता?

खरेच असतात, कारण खोटा पाव तुटत नाही. त्याच संध्याकाळी भट्टीवरून आणतो. कडक उंडे (कडक कवचाचे गोल पाव) घ्यावेत, मऊ पाव दिव्यांच्या उष्णतेत चिवट होतात आणि संवाद म्हणताना टाळूला चिकटतात. दोन अंकांत साधारण सतरा-अठरा लागतात. उरलेले विंगेतली सूप पाखडणारी मुले चहात बुडवून संपवतात. त्यांचा हिशेब मंडळाच्या वहीत दर प्रयोगाला नेपथ्याच्या खर्चाखाली लिहिलेला आहे.